हाकेतला ‘रे’

घरात त्याला कानसेन म्हणत. त्यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त होता. शेजारच्या घरात चमचा पडला की हा इकडे बसून सांगायचा, चमचा स्टीलचा होता आणि फरशीवर नाही, ओट्यावर पडला. पण आईने “जरा इकडे ये रे, एवढे डबे वर ठेव” म्हटलं की याला मुळीच ऐकू यायचं नाही. “कामाचं नाव काढलं की बरा बहिरा होतो मेला,” आई म्हणायची. मग ताई, म्हणजे त्याची मोठी बहीण, हातातलं टाकून उठायची आणि डबे वर ठेवायची. पुढे त्याने आवाजाचाच धंदा पत्करला तेव्हा आई म्हणाली, “चला, कानांचं तरी सोनं झालं. आता हातापायांचं काय ते बघा.”

धंदा नेमका कसला, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिला कशाला, ताईच्या नवऱ्यालाही कळलेलं नाही. गाणी नाहीत, भाषणं नाहीत, सिनेमाही नाही. संग्रहालयात नाहीतर प्रदर्शनात एखादी खोली असते, तिच्या भिंतींत, छतात, कधी फरशीखालीसुद्धा स्पीकर लपवायचे आणि कुठला आवाज कुठून, किती लांबून, किती उंचीवरून यावा ते ठरवायचं. समुद्राचं दालन असेल तर लाट डावीकडून आली पाहिजे आणि पायाखालून उजवीकडे गेली पाहिजे. माणूस दोन पावलं सरकला तर लाटेनेही सरकलं पाहिजे. हे सगळं चोख जमलं की कुणाला पत्ताच लागत नाही की इथे कुणी काही केलंय. लोक म्हणतात, “वा, काय छान वाटतं इथे!” आणि श्रेय दिव्यांना देऊन पुढच्या दालनात जातात. कानसेनाला त्याची सवय होती. आपलं काम दिसत नाही, याचं त्याला वाईट वाटत नसे. उलट न दिसण्याची त्याला जरा जास्तच सवय झाली होती, असं म्हटलं तरी चालेल.

तर त्याला एका संग्रहालयाचं काम मिळालं. या संग्रहालयात तलवारी नव्हत्या, मुकुट नव्हते. तिथे लोकांच्या घरांतून आलेल्या वस्तू होत्या: कोळशाच्या इस्त्र्या, शिलाई मशिनं, एका पायाने लंगड्या झालेल्या खुर्च्या, हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या कड्या. शेवटच्या दालनात मात्र एकही वस्तू ठेवायची नाही, असा संचालिकाबाईंचा हट्ट होता, आणि त्या मुलखाच्या हट्टी होत्या. खोली रिकामी हवी. उजेड दिवेलागणीच्या आधी घरात असतो तेवढाच हवा. बसायला एक लांब बाक आणि समोर नाही, तर पाठीमागे, एक अर्धवट उघडं दार. दारापलीकडे अंधार.

“माणूस येऊन बसेल,” बाई म्हणाल्या, “आणि त्याच्याभोवती एक घर जागं होईल. नळ, शिलाई मशीन, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढतंय, कुणीतरी जिन्यावरून किल्ल्या वाजवत येतंय. आणि शेवटी त्या दारामागून एक हाक. बस्स. पण ती आपल्यालाच मारलीय असं प्रत्येकाला वाटलं पाहिजे.”

कानसेन कामाला भिडला. नळासाठी त्याने ओळखीपाळखीच्यांची स्वयंपाकघरं पालथी घातली, आणि अखेर एका शिंप्याच्या दुकानामागचा गळका नळ त्याच्या पसंतीला उतरला. शिंपी म्हणाला, “अहो, मी दुरुस्त करणार होतो तो.” कानसेन जवळजवळ त्याच्या पाया पडला, की एवढे दोन दिवस थांबा. खुर्ची ओढल्याचा आवाज त्याने छतात असा बसवला की ऐकणारा वैतागून वर बघे. दारामागचा स्पीकर त्याने लोकांकडे तोंड करून न ठेवता उलटा, भिंतीकडे तोंड करून ठेवला. आवाज आधी भिंतीवर आपटून, मग दारातून वळून बाहेर आला, की तो स्पीकरचा राहत नाही. आतल्या खोलीतल्या माणसाचा होतो.

हे जमलंय का ते बघायला माणसाचा एखादा आवाज हवा होता. खरी हाक द्यायला एक नटी यायची होती, पण ती पुढच्या आठवड्यात. तोवर काहीतरी तात्पुरतं लावायचं, ही या धंद्यातली रोजचीच रीत. एरवी तो स्वतःच माइकसमोर “हॅलो, हॅलो, कोण आहे का घरात” असं काहीतरी बडबडून लावून देई. त्या दिवशी मात्र त्याने जुन्या रेकॉर्डिंगमधून आईची हाक काढली आणि लावली.

सहज हात गेला, असं तो स्वतःला सांगत होता. पण ते खरं नव्हतं. आतल्या खोलीतून, अर्ध्या उघड्या दारातून, अंथरुणावरच्या माणसाने मारलेली खरी हाक त्याच्याजवळ एवढी एकच होती, आणि त्याने आयुष्यात टिपलेला तो सगळ्यात चांगला आवाज होता. हे त्याला ज्या दिवशी तो टिपला त्याच दिवशी कळलं होतं. ते कळलं होतं, हीच तर त्याची लाज होती.

“आहेस का रे?”

नेमक्या त्याच वेळी संचालिकाबाई दालनात येऊन बाकावर बसल्या होत्या. हाक आली तशा त्या अर्ध्या उठल्या. मग स्वतःशीच हसून परत बसल्या.

“कोण हो ही?” त्यांनी विचारलं.

“अशीच एक,” कानसेन म्हणाला. “जुनं रेकॉर्डिंग आहे. तात्पुरतं लावलंय.”

जन्मदात्या आईला ‘अशीच एक’ म्हणताना जीभ अडखळली नाही, याचं त्याला नंतर फार वाईट वाटलं. पण नंतर.

नटी आली. चांगली नावाजलेली होती, कष्टाळूही होती. तिने मायेने हाक मारली, काळजीने मारली, थकून मारली. बाईंनी सगळ्या ऐकल्या आणि मान हलवली. “ही प्रेक्षकांना बोलावतेय. ती घरातल्या माणसाला बोलावत होती. मला तीच हवी.”

“बाई, ती तात्पुरती होती.”

“आता कायमची करा. फक्त तो ‘रे’ काढून टाका. दालनात बायका येतील, मुली येतील. ‘रे’ ऐकलं की त्यांना वाटेल, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतेय. हाक सगळ्यांची हवी.”

तो नाही म्हणू शकला असता. “माझी आई आहे ती, मला नाही वापरायची,” एवढं म्हटलं असतं तर बाईंनी एका शब्दाने जबरदस्ती केली नसती. पण मग पुढचा प्रश्न आला असता, आणि त्या प्रश्नाच्या वाटेला जायची त्याची तयारी नव्हती. तो मुकाट्याने बसला आणि ‘रे’ कापायला घेतला. पडद्यावर ‘का’ आणि ‘रे’ यांच्यामध्ये केसाएवढी फट होती. तिथे त्याने काप दिला आणि ‘का’चं टोक जरा घासून गुळगुळीत केलं. “आहेस का?” झालं. आता ही हाक कुणाचीही आणि कुणालाही. त्याचा जीव भांड्यात पडला. आईने ज्याला बोलावलं होतं तो माणूसच हाकेतून गेला, असं त्याला वाटलं.

आता ती हाक आली कुठून, हे सांगायला हवं, कारण तो आपण होऊन सांगणारा नव्हता.

पहिल्या आजारपणानंतर आईच्या पायांतलं बळ गेलं आणि ती ताईकडे राहायला गेली. ताईने तिचं सगळं केलं. हा अधूनमधून पाहुण्यासारखा जायचा, फळं न्यायचा, रेकॉर्डिंगच्या गमती सांगून आईला हसवायचा आणि संध्याकाळच्या आत निघायचा. मग ताईच्या लेकीचे दिवस भरत आले. ती दुसऱ्या शहरात. ताईला जावंच लागणार होतं, आणि ताईचा नवरा दिवसभर नोकरीवर. तेव्हा ताईने भावाला बोलावून घेतलं आणि चपला घालता घालता सांगितलं, “तिला एकटीने उठायला बंदी आहे. काही लागलं की ती हाक मारते. हाक आली की जायचं. एवढंच काम आहे.”

“एवढंच ना?” कानसेन म्हणाला.

त्याने आपलं काम बरोबर आणलं होतं. कुठल्याशा प्रदर्शनासाठी त्याला दुपारच्या घराची शांतता हवी होती. खोली रिकामी असली तरी तिला स्वतःचा आवाज असतो, आणि प्रत्येक खोलीचा निराळा. आवाजाची कामं करणारे लोक तो टिपून ठेवतात. त्या वेळी एक नियम असतो: यंत्र चालू असेपर्यंत हलायचं नाही, खाजवायचं नाही, खोकला आला तर गिळायचा. दुपारी आई आत झोपली होती. बाहेरच्या खोलीत त्याने रेकॉर्डर मांडला, कानांवर हेडफोन चढवले आणि तो मूर्तीसारखा बसून राहिला.

आणि आईने हाक मारली. “आहेस का रे?”

हेडफोनमधून ती अशी आली, की त्याच्या अंगावर काटा आला. दाराचं लाकूड, मधली मोकळी जागा, झोपेतून नुकत्याच उठलेल्या घशाची खरखर, सगळं जसंच्या तसं. त्याच्या मनात पहिला शब्द आला तो ‘वा’. ओ दिली असती तर त्याचा आवाज त्यावर चढला असता आणि टिपलेलं सगळं वाया गेलं असतं. हाकेचा शेवट खोलीत विरेपर्यंत थांबू, मग जाऊ, असं त्याने ठरवलं. तेवढ्यात दुसरी हाक आली, पहिल्यापेक्षा मोठी. आणि त्याने काय केलं, तर ओठांवर बोट ठेवलं. रिकाम्या खोलीत बसून, भिंतीपलीकडच्या आईला, गप्प राहा म्हणून.

आत थोडा वेळ काही झालं नाही. मग आई स्वतःशीच म्हणाली, “नाहीस वाटतं.”

पलंग कुरकुरला. काठी वाजली. हेडफोन काढून तो उठेपर्यंत आई पडलेली होती.

रात्री त्याने ताईला फोन केला. ताईने पहिला प्रश्न विचारला तो साहजिकच होता. “हाक नाही मारली तिने?” आणि कानसेन म्हणाला, “नाही गं. मारलीच नाही.” ताई मिळेल त्या गाडीने परत आली. आईच्या पलंगाशी उभी राहून, रडत आणि चिडत, तिने आईला तेच विचारलं. आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पांघरुणाची कड नीट करत ती म्हणाली, “सुचलं नाही गं.”

खुब्याचं हाड मोडलेलं. आई पुन्हा उभी राहिली नाही. ती गेली तोवर वर्ष उलटलं, आणि त्या वर्षात ताई दमली, की तिच्या तोंडून ते निघायचंच: “एरवी हाका मारून मारून माझा जीव खायचीस. नेमकी त्या दिवशी कशी तोंडात मिठाची गुळणी धरलीस? एक हाक मारली असतीस तर आज ही वेळ आली नसती ना?” आई ऐकून घ्यायची. फळं घेऊन आलेला कानसेन खुर्चीत बसलेला असायचा, आणि तोही ऐकून घ्यायचा. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, आता बोलावं. प्रत्येक वेळी फळं कापायला सुरी कुठे आहे असं काहीतरी तो विचारायचा.

रेकॉर्डर त्या दुपारी चालूच राहिला होता. “नाहीस वाटतं”च्या पुढे त्याने तो कधी ऐकला नव्हता.

दालन लोकांना खुलं करण्याआधी एक दिवस काम करणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ठेवायचा, असं बाईंनी ठरवलं. ताईला बोलवायचं नाही, असं कानसेनाने ठरवलं. पण बाईंनी ज्याच्या त्याच्या घरी परस्पर निमंत्रणं धाडली होती. ताईचा फोन आला.

“अगं, गर्दी असेल,” तो म्हणाला. “तुझे गुडघे दुखतात. नंतर निवांत दाखवतो.”

“तिथे बाकावरच बसायचंय ना? मग गुडघ्यांचा काय संबंध? इतकी वर्षं काय करतोस ते एकदा बघू तरी दे. आईला तर कळलंच नाही बिचारीला.”

त्याने आदल्या दिवशी हाक काढून टाकायचा विचार केला. नटीची लावली असती तर कुणाला कळलं असतं? बाईंना कळलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते सोसलं नसतं. एवढं चांगलं काम बिघडवायला त्याचा हात धजेना. तेव्हाही धजला नव्हता, आताही नाही. मग त्याने स्वतःची समजूत घातली. ‘रे’ तर काढलाच आहे. ताईने ओळखलंच, तर तिला मारलेली हाक म्हणून सांगता येईल. आई ताईला दिवसातून किती वेळा हाका मारायची. त्यातलीच एक.

ताई ठेवणीतली साडी नेसून आली. पर्स मांडीवर घेऊन ती बाकाच्या टोकाला बसली, आणि बाकीचे लोक तिच्या शेजारी. तो भिंतीला टेकून उभा राहिला. नळ ठिबकायला लागला. ताईने भावाकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे छान आहे. शिलाई मशीन सुरू झालं तशी ती हसली. वर खुर्ची ओढली गेली आणि ताईने स्वतःच्या घरी बघायची तसं वैतागून छताकडे बघितलं, अगदी मनापासून. क्षणभर तो सगळं विसरला आणि त्याला अभिमान वाटला. जिन्यावर किल्ल्या वाजल्या, थांबल्या.

“आहेस का?”

बाकावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. एक बाई हळूच “कोण?” म्हणाली. ताई मात्र उठली.

“ओ, आले,” ती म्हणाली. पर्स खाली पडली. दाराकडे ती चार पावलं गेलीसुद्धा. मग थबकली, आणि तिथेच दाराकडे तोंड करून उभी राहिली. दिवे हळूहळू वाढले, लोक कुजबुजत बाहेर पडले. कुणीतरी पर्स उचलून बाकावर ठेवली.

“आई आहे,” ताई म्हणाली.

“हो.”

“मला आधी सांगायचंस की रे. काळजात चर्र झालं माझ्या.” ती रागावलेली नव्हती. डोळे पुसत होती. “कधी घेतलास हा आवाज?”

“असाच एकदा आलो होतो तेव्हा,” तो म्हणाला. “तुला हाक मारत होती. तू स्वयंपाकघरात होतीस.”

“मला?”

“हो. तुलाच.”

ताई पदराचं टोक हातात तसंच धरून त्याच्याकडे बघत राहिली.

“मला ती असं कधीच म्हणाली नाही,” ती म्हणाली. “मला ‘आहेस ना गं’ म्हणायची. दिवसातून पन्नास वेळा. मी असायचेच, म्हणून ‘ना’. ‘आहेस का’ तुला म्हणायची. तू असशील की नाही याचा तिला भरवसा नसायचा.”

कानसेनाला इतकी वर्षं जगातला प्रत्येक आवाज निराळा ऐकू आला होता. आपल्या आईचा ‘का’ आणि ‘ना’ यांतला फरक त्याच्या कानांवर कधी पडलाच नव्हता. पडणार कसा, ताईला मारलेल्या हाका तो ऐकतच कुठे होता?

“याच्यापुढे ‘रे’ होता,” ताई म्हणाली. “तो कुठे गेला?”

“बाईंनी काढायला सांगितला.”

“आणि आवाज आजारपणानंतरचा आहे. तेव्हा ती माझ्याकडे होती.” ती सावकाश बोलत होती, एकेक घडी उलगडावी तशी. “माझ्या घरी तू राहिलास ते एकदाच.”

त्याने बाकावरची तिची पर्स उगाच सरळ करून ठेवली.

“पुढचं ऐकव मला.”

“ताई, नको.”

“ऐकव म्हणते ना.”

शेजारच्या अडगळीच्या खोलीत सगळी यंत्रं होती. त्याने तिथे जाऊन मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं त्या दारामागच्या स्पीकरला जोडलं आणि परत येऊन भिंतीशी उभा राहिला. बाकावर बसायची त्याची हिंमत झाली नाही.

आधी नुसती शांतता आली. त्यात एक घड्याळ टिकटिकत होतं, आणि ताईने आपलं घड्याळ ओळखलं हे त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग आईची हाक. “आहेस का रे?” मग दुसरी. दोन्ही वेळा ताईचे ओठ हलले. मग “नाहीस वाटतं.” पलंग कुरकुरला. काठीचा आवाज दारामागून बाकाच्या दिशेने येऊ लागला, हळू, अडखळत, अगदी खरा, इतका की ताईने आधार द्यायला हात पुढे केला. त्याने तो स्पीकर किती मेहनतीने बसवला होता! त्याच्या कारागिरीने आता त्याला कशातूनच सोडलं नाही. काठी पडली, आणि पाठोपाठ आई पडली.

त्यानंतर धावणारी पावलं. आणि मग त्याचा स्वतःचा आवाज, भेदरलेला, चिडलेला: “आई! अगं, हाक मारायची नाही का? काय हे!”

आणि धाप लागलेल्या आईचा: “चुकलं रे. चुकलं माझं.”

त्यापुढे काही नव्हतं. तो हे बोलला होता, हे त्याला आठवतच नव्हतं. ताईशी खोटं बोललो, हे ओझं घेऊन तो वावरत होता. पण पहिलं खोटं ताईच्या फोनच्या कितीतरी आधी, आई फरशीवर पडलेली असताना, तिच्याच तोंडावर बोलून झालं होतं. आणि तिने त्याला जी क्षमा केली होती, ती मागायची वेळही त्याच्यावर येऊ दिली नव्हती. उलट स्वतःच माफी मागून मोकळी झाली होती.

ताई बाकावर बसली.

“वर्षभर बोलले मी तिला,” ती म्हणाली. “ताट ठेवताना बोलले, चादर बदलताना बोलले. शेवटच्या आठवड्यातसुद्धा बोलले. तू होतास तिथे खुर्चीत.”

“मी घाबरलो होतो ताई.”

“त्या दिवशी घाबरलास, मान्य आहे. नंतर?”



“मी काढून टाकतो ती हाक,” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता काढतो.”

“काढू नकोस.” ताई उठली. तिने पर्स खांद्याला लावली. “तिने हाक मारली होती. मारली होती, हे कुठेतरी राहू दे. माझ्याकडून तर तिला शेवटपर्यंत उलटंच ऐकावं लागलं. पण ‘रे’ परत लाव.”

तो मान हलवून हो म्हणाला.

“आणि मला काही दिवस फोन करू नकोस. मला वाटेल तेव्हा मीच हाक मारेन.”

ती एकटीच जिना उतरून गेली. गुडघे दुखत होते तरी कठडा न धरता.

त्याने ‘रे’ जागच्या जागी बसवला. दुसऱ्या दिवशी बाईंचा पारा चढला. “मी काय सांगितलं होतं? हाक सगळ्यांची हवी!” तेव्हा त्याने उभ्या उभ्या सांगून टाकलं, की ती माझी आई आहे, हाक मला मारली होती, मी बाहेरच्या खोलीत बसून होतो आणि गेलो नाही. बाई म्हणाल्या, “असू दे मग ‘रे’,” आणि आपल्या खोलीत निघून गेल्या.

दालन चाललं. अजून चालतं. ‘रे’ आल्यापासून बायका मागे वळत नाहीत. त्या शेजारच्या नवऱ्याकडे नाहीतर मुलाकडे बघतात, आणि डोळ्यांनी सांगतात, जा, तुला बोलावतायत. नवरे आणि मुलगे तेवढे चपापून दाराकडे बघतात. बघून परत बसतात. ताईची हाक काही अजून आलेली नाही. फोन वाजला की तो आधी तिचं नाव आहे का ते बघतो.

स्पीकरची धूळ झाडायला त्याला अधूनमधून तिथे जावं लागतं. परवा तो शिडीवर चढून छतातला स्पीकर पुसत होता. दालन बंद होतं, पण आवाज चालू ठेवला होता, कारण ऐकल्याशिवाय बिघाड कळत नाही. खाली रखवालदार बाकावर बसून पाय पसरून चहा पीत होता. नळ झाला, मशीन झालं, किल्ल्या झाल्या.

“आहेस का रे?”

“ओ,” कानसेन म्हणाला. तोंडातून निघूनच गेलं.

रखवालदाराला हसू आवरेना. चहा सांडला त्याचा. “काय साहेब! तुम्हीच बनवलंत आणि तुम्हीच फसता?”

“मलाच मारलीय ती हाक,” कानसेन म्हणाला.

रखवालदाराला ती थट्टाच वाटली. “मग जा की आत,” तो म्हणाला. “कधीची बोलावतेय बिचारी.”

दारामागे हातभर जागा होती, आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेला एक स्पीकर. हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्याने फडकं शिडीवर ठेवलं, खाली उतरला, आणि दार ढकलून आत गेला.